ड्रॉइंगच्या कोपऱ्यातले नाव

आमचे युनिट ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आहे. चार लेथ, एक सीएनसी, एक ग्राइंडिंग मशीन आणि तपासणीसाठी काचेची एक छोटी खोली एवढाच त्याचा पसारा आहे. डिझेल इंजिनांना लागणारे बुश (फिरणाऱ्या दांड्याभोवती बसणारी पोकळ नळी), पिना आणि वॉशर आम्ही जॉबवर्कवर करून देतो. गेल्या महिन्यात एका जुन्या ग्राहकाकडून पितळी बुशचे काम पुन्हा आले, तेव्हा मी कपाटातून त्याच भागाची आधीची ड्रॉइंग काढली आणि नव्या ड्रॉइंगशेजारी टेबलावर ठेवली. आतला व्यास तोच होता, २५ मायक्रॉनचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, तोच होता आणि पार्ट नंबरातला एक आकडाही बदललेला नव्हता. बदलले होते ते फक्त उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीतले नाव. सर्वांत जुन्या प्रतीवर जनरल मोटर्सचा इलेक्ट्रो-मोटिव्ह विभाग, मधल्या प्रतीवर इलेक्ट्रो-मोटिव्ह डिझेल आणि नव्या प्रतीवर प्रोग्रेस रेल अशी तीन नावे एकाच बुशच्या तीन कागदांवर होती.

या तीन नावांच्या मध्ये दोन विक्रीव्यवहार झाले आहेत. त्यांपैकी पहिला होऊ घातला होता तेव्हा मी रबाळ्याच्या एका युनिटमध्ये तपासणी विभागात नोकरी करत होते. जनरल मोटर्स आपला लोकोमोटिव्हचा, म्हणजे रेल्वे इंजिनांचा, धंदा विकणार, ही कुजबुज २००४ साली आमच्यापर्यंत पोहोचली ती वर्तमानपत्रातून नव्हे, तर ग्राहकाच्या खरेदी विभागातून. एरवी सहा महिन्यांचे वेळापत्रक हातात देणारा तो विभाग अचानक महिन्यापुरतीच ऑर्डर देऊ लागला. कारण विचारले, तर ‘वरचे अजून ठरलेले नाही’ एवढेच उत्तर मिळे. आमच्या मालकांनी नव्या मशीनसाठी बँकेकडे केलेला कर्जाचा अर्ज तेवढ्यावरच थांबवून ठेवला. अमेरिकेतल्या कुठल्याशा इमारतीत चाललेल्या बोलण्यांमुळे रबाळ्यात एक मशीन येता येता थांबते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. विक्री प्रत्यक्षात होण्याआधीचा हा काळ विक्रीनंतरच्या काळाहून अधिक त्रासाचा असतो असे माझे तेव्हा मत झाले आणि आजही ते कायम आहे, कारण निर्णय झाला की माणूस त्याप्रमाणे आपली घडी बसवतो, पण अधांतरी असताना त्याला पुढचे किंवा मागचे कोणतेच पाऊल उचलता येत नाही.

जी इलेक्ट्रो-मोटिव्ह कंपनी विकली जात होती तिचे मोठेपण समजल्याशिवाय तो व्यवहार समजत नाही. १९२२ साली क्लीव्हलँडमध्ये ती स्थापन झाली, १९३० मध्ये जनरल मोटर्सने ती विकत घेतली आणि १९३९ मध्ये तिने मालगाडीसाठी तयार केलेले एफटी नावाचे डिझेल इंजिन देशभर फिरवून दाखवले, तेव्हा अमेरिकेतल्या वाफेच्या इंजिनांचा शेवट डोळ्यांसमोर दिसू लागला. त्यानंतर कित्येक दशके अमेरिकेत लोकोमोटिव्ह म्हटले की या कंपनीचेच, अशी स्थिती होती. लोकोमोटिव्हच्या पोटात बसणाऱ्या तिच्या डिझेल इंजिनांची ओळख आकड्यांनी होते: ५६७, ६४५, ७१०. हे आकडे म्हणजे एका सिलिंडरचे घन इंचातले आकारमान. ७१० म्हणजे साधारण साडेअकरा लिटर, आणि असे सोळा सिलिंडर एका इंजिनात. ही इंजिने टू-स्ट्रोक आहेत. हेड, लायनर, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड मिळून होणारी ‘पॉवर असेंब्ली’ शेडमध्ये, म्हणजे लोकोमोटिव्हच्या देखभालीच्या जागी, एकत्र बाहेर काढता येते आणि तिच्या जागी दुसरी बसवता येते. ज्याने एकदाही क्रेनच्या हुकला लटकलेली ती असेंब्ली जवळून पाहिली आहे, त्याला हा विचार किती कामाचा आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

१९८० च्या दशकात मात्र जनरल इलेक्ट्रिकने बाजारातली पहिली जागा या कंपनीकडून घेतली, आणि मोटारगाड्यांच्या धंद्यातच अडचणीत आलेल्या जनरल मोटर्सचे मन लोकोमोटिव्हमध्ये राहिले नाही. जानेवारी २००५ मध्ये विक्रीची घोषणा झाली आणि एप्रिलमध्ये व्यवहार पूर्ण झाला. खरेदीदार होत्या ग्रीनब्रायर इक्विटी ग्रुप आणि बर्कशायर पार्टनर्स या दोन गुंतवणूक संस्था. त्या वेळी आमच्या युनिटमध्ये सगळ्यांचा सूर नाराजीचा होता, कारण गुंतवणूकदार म्हणजे चार-पाच वर्षांत विकून नफा काढणारा मालक, हे सगळ्यांना कळत होते. आज मागे वळून पाहताना मला ती विक्री योग्य वाटते. जून २००९ मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि लोकोमोटिव्हचा धंदा तोपर्यंत तिच्याकडेच असता, तर त्या पडझडीत या कारखान्याची आणि त्याच्या ड्रॉइंगची काय गत झाली असती, याचा विचारही करवत नाही.

भारताचा या कंपनीशी असलेला संबंध याहून जुना आणि थोडा गुंतागुंतीचा आहे. १९६२ मध्ये आपल्याकडे दोन अमेरिकी डिझेल इंजिने जवळजवळ एकाच वेळी आली. एक होते आल्को कंपनीचे, ज्याला आपण डब्ल्यूडीएम-२ म्हणून ओळखतो, आणि दुसरे जनरल मोटर्सचे डब्ल्यूडीएम-४. दुसऱ्याची कीर्ती चांगली होती, आणि १९६९ मध्ये हावडा ते दिल्ली धावू लागलेल्या पहिल्या राजधानी एक्सप्रेसला तेच जोडले जात असे. तरीही वाराणसीच्या कारखान्यासाठी निवड झाली ती आल्कोची, कारण आल्को तंत्रज्ञान द्यायला तयार होती आणि जनरल मोटर्स तयार नव्हती, असे रेल्वेतली जुनी माणसे सांगतात. जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीतून पहिले डब्ल्यूडीएम-२ बाहेर पडले. त्याच वर्षी तिकडे आल्को कंपनी वर्दिंग्टन कॉर्पोरेशनने विकत घेतली आणि १९६९ मध्ये अमेरिकेतल्या स्केनेक्टडीचा तिचा कारखाना बंद झाला. ज्या कंपनीकडून आपण इंजिन शिकलो, ती कंपनी शिकवून झाल्यावर पाच वर्षांतच लोकोमोटिव्हच्या धंद्यातून नाहीशी झाली.

माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आल्को गेली, पण आल्कोचे २५१ इंजिन भारतात गेले नाही. ड्रॉइंग वाराणसीत होती, ती वाचणारी माणसे वाराणसीत आणि शेडमध्ये होती आणि सुटे भाग करणारे शेकडो छोटे कारखाने देशभर उभे राहिले होते. मूळ २,६०० अश्वशक्तीचे ते इंजिन आपल्या लोकांनी ३,१०० आणि पुढे ३,३०० अश्वशक्तीपर्यंत नेले. डब्ल्यूडीएम-२ आणि तिच्या भावंडांची संख्या हजारांच्या घरात गेली. दिवा स्थानकाजवळ राहिलेल्या कुणालाही कल्याण शेडच्या त्या इंजिनांचा घोगरा, लयीतला आवाज आठवत असेल. वसई आणि पनवेलच्या बाजूने येणाऱ्या मालगाड्या सिग्नलला थांबत, तेव्हा तो आवाज रात्री खिडकीतून थेट घरात येत असे आणि मुले त्यावर झोपी जात. ज्या कंपनीने तो आवाज घडवला, तिचा कारखाना त्याआधीच बंद झालेला आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हते.

१९९५ मध्ये भारतीय रेल्वेने जनरल मोटर्सशी करार केला तेव्हा तंत्रज्ञान हस्तांतर हा त्या कराराचा भाग होता. तीन-फेज एसी मोटर असलेले डब्ल्यूडीजी-४ हे ४,००० अश्वशक्तीचे मालगाडीचे इंजिन १९९९ मध्ये आले, हुबळीच्या शेडला मिळाले, आणि थोड्याच वर्षांत वाराणसीत तयार होऊ लागले. म्हणजे २००५ मध्ये मूळ कंपनी विकली जात होती तेव्हा तिचे इंजिन वाराणसीत बनत होते आणि आमच्यासारख्या युनिटकडे त्याच्या भागांची कामे येत होती. रबाळ्यातली आमची भीती खोटी नव्हती, पण ती निर्यातीच्या कामापुरती होती. रेल्वेसाठीचे काम एक दिवसही थांबले नाही, आणि त्याचे श्रेय मी १९९५ च्या करारात हस्तांतराचे कलम आग्रहाने घालणाऱ्या माणसांना देते.

दुसरी विक्री २०१० मध्ये झाली. कॅटरपिलरच्या प्रोग्रेस रेल या कंपनीने ८२ कोटी डॉलरला हा धंदा विकत घेतला. या वेळी खरेदीदार यंत्रे बनवणारा होता, गुंतवणूकदार नव्हता, त्यामुळे अनेकांना हायसे वाटले. मलाही वाटले होते. लोखंड ओळखणाऱ्याच्या हाती लोखंड गेले, असे मी तेव्हा घरी म्हणाले होते, आणि ते किती अर्धवट होते हे दीड वर्षात कळले. कॅनडात ओन्टारियो प्रांतातल्या लंडन या गावी कंपनीचा १९५० पासूनचा कारखाना होता. मजुरी जवळजवळ निम्मी करण्याचा प्रस्ताव कामगारांनी स्वीकारला नाही, म्हणून १ जानेवारी २०१२ रोजी तिथे टाळेबंदी झाली, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला कारखाना कायमचा बंद करत असल्याचे जाहीर करण्यात आले. साडेचारशेहून अधिक कामगार त्या थंडीत फाटकाबाहेर उभे होते. इंडियाना राज्यात मन्सी येथे कंपनीने नवा कारखाना काही महिन्यांपूर्वीच सुरू केला होता आणि काम तिकडे गेले. यंत्र तेच राहिले, पार्ट नंबर तेच राहिले, ड्रॉइंगही जपली गेली. पण ज्या हातांनी साठ वर्षे ती ड्रॉइंग वाचली ते हात मात्र बाहेर राहिले. कागद सांभाळणे आणि माणूस सांभाळणे या दोन गोष्टी विक्रीच्या करारात वेगवेगळ्या असतात, आणि दुसरीसाठी कलम सहसा घातले जात नाही.

त्या बातम्या वाचताना मला राहून राहून आमच्या घरचे दिवस आठवत होते. माझे बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका इंजिनीअरिंग कंपनीत टूलरूममध्ये सत्तावीस वर्षे होते. नव्वदच्या दशकात ती कंपनी विकली गेली. नव्या मालकाने फाटकाशी सभा घेऊन एकाही कामगाराला हात लावणार नाही असे सांगितले, युनियनने हार घातले, पेढे वाटले गेले. पहिल्या वर्षी काही झाले नाही. दुसऱ्या वर्षी जिग आणि फिक्श्चर, म्हणजे काम पकडून ठेवायची साधने, ट्रकमध्ये भरून दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात जाऊ लागले. तिसऱ्या वर्षी व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, नोटीस लागली. ज्या दिवशी टूलरूम रिकामी झाली त्या दिवशी जुन्या विभागातली ड्रॉइंग रद्दीच्या भावाने विकायला काढली होती आणि त्यांत पूर्वीच्या पद्धतीची, कापडावर शाईने काढलेली ट्रेसिंग होती. बाबांनी वजन करणाऱ्याला पैसे देऊन त्यांतली एक गुंडाळी घरी आणली. आईने कोमट पाण्यात भिजवून तिची खळ काढली, तेव्हा आत अतिशय तलम सुती कापड निघाले. शाईच्या रेषा पुसट होत गेल्या, पण एका कोपऱ्यातला व्यासाचा आकडा आणि त्यापुढचे चिन्ह बरेच दिवस दिसत होते. तो तुकडा आमच्याकडे पुढे कित्येक वर्षे चक्का बांधायला वापरला जात होता. बाबा त्याकडे पाहून काही बोलत नसत, पण आईने एकदा तो टाकून द्यायचे म्हटले तेव्हा त्यांनी टाकू दिला नाही.

त्या कंपनीच्या जागेवर आज काय आहे हे सांगायला नको. ठाण्यात आणि नवी मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला अशी निदान तीन ठिकाणे माहीत आहेत. परंतु हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही, हे मला नंतर समजले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून आमच्या ठाण्यात आली. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांची नावे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. ती इंजिने इंग्लंडमधल्या न्यूटन-ले-विलोज या गावच्या व्हल्कन फाउंड्रीतून आली होती. पुढे घाटावर चालणारी ‘मगर’ म्हणून ओळखली गेलेली विजेची इंजिनेही, पहिली दहा सोडली तर, तिथेच बनली. तो कारखाना आधी इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये विलीन झाला, मग १९६८ मध्ये इंग्लिश इलेक्ट्रिक जीईसीच्या ताब्यात गेली, हळूहळू तिथले लोकोमोटिव्हचे काम संपले, आणि २००२ मध्ये दारे बंद झाली. आता तिथे घरे आहेत. ठाण्यात पहिली गाडी ज्या कारखान्यामुळे आली, त्याचेही शेवटी ठाण्यातल्या कारखान्यांसारखेच झाले, हे वाचल्यावर मला बराच वेळ काही सुचले नाही.

विजेच्या इंजिनांची कथा याच मार्गाने जाते, ती थोडक्यात सांगते. १९९३ मध्ये रेल्वेने एबीबी या युरोपातल्या कंपनीशी करार केला, त्या कंपनीचा रेल्वे विभाग १९९६ पासून अॅडट्रान्झ झाला, २००१ मध्ये तो बॉम्बार्डियरने घेतला आणि २०२१ मध्ये बॉम्बार्डियरचा रेल्वे धंदा अल्स्टॉमकडे गेला. एवढ्या काळात चित्तरंजनच्या रेल्वे कारखान्यात त्या घराण्याची इंजिने बनत राहिली. ठाणे स्थानकात उभ्या असलेल्या लांब पल्ल्याच्या गाडीचे डब्ल्यूएपी-७ इंजिन पाहिले, तर त्याच्या मूळ घराची पाटी तीन वेळा बदलली आहे हे ओळखूही येत नाही. हेसुद्धा तंत्रज्ञान करारातच मिळवून ठेवल्यामुळे घडले आहे.

म्हणून लोकोमोटिव्ह कंपनी विकली जाणार अशी चर्चा जेव्हा जेव्हा कानावर येते, तेव्हा तिची किंमत किती आली यापेक्षा मला दुसरेच प्रश्न पडतात. एक इंजिन तीस-पस्तीस वर्षे चालते. मोटारगाडी किंवा फ्रिज यांसारखे ते दहा वर्षांत मोडीत जात नाही. ज्या रेल्वेने ते आज घेतले, तिला २०५० मध्येही त्याचा लायनर, त्याचा बुश आणि त्याचे सील लागणार आहे. तेव्हा नव्या मालकाने सुटे भाग किती वर्षे देण्याचे लेखी मान्य केले आहे, बंद होणाऱ्या मॉडेलची ड्रॉइंग ग्राहकाला मिळणार की कुठल्या तरी गोदामात पडणार, मान्यता असलेल्या छोट्या पुरवठादारांची यादी तशीच चालू राहणार की प्रत्येकाने पुन्हा नमुना तपासणीपासून सुरुवात करायची, आणि तीस वर्षे त्या यंत्रावर काम केलेल्या माणसाला विक्रीनंतर निदान काही ठरावीक काळ नोकरीची हमी आहे की नाही, हे सगळे व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी विचारले गेले पाहिजे. सही झाल्यानंतर विचारणाऱ्याला कुणी उत्तर देत नाही. सरकार ग्राहक असेल तर त्याच्या हातात मोठी ताकद असते, आणि आपल्या रेल्वेने ती १९६० च्या आणि १९९० च्या दशकांत नीट वापरली, याचा मला मनापासून अभिमान आहे. कामगारांच्या बाबतीत ती ताकद कुणाकडेच नसते, हे लंडनच्या फाटकावर दिसले आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरही दिसले होते.

आता डिझेलचे दिवसही सरत आले आहेत. वाराणसीच्या कारखान्याचे नाव २०२० मध्ये बदलून बनारस रेल इंजिन कारखाना झाले, तिथे आता मुख्यतः विजेची इंजिने बनतात आणि कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ मध्ये पूर्णपणे विद्युतीकृत झाला. बुशच्या ऑर्डरी दरवर्षी थोड्या थोड्या कमी होत आहेत. तरी ज्या देशांत ही इंजिने अजून धावतात, त्यांच्यासाठी काम येते, आणि आमच्या ग्राहकाने या वेळी २०० नग मागितले होते.

बाबा आता ८४ वर्षांचे आहेत आणि शनिवारी माझ्याबरोबर युनिटवर येतात. पहिला नग मशीनवरून उतरला तेव्हा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी खिशातून स्वतःचा जुना मायक्रोमीटर काढला, बुश फडक्याने पुसला, तीन ठिकाणी माप घेतले आणि मग टेबलावरच्या तिन्ही ड्रॉइंगकडे पाहिले.

“कंपनी आता कुणाची म्हणालीस?”

मी सांगितले.

“आणि हा नंबर?”

“तोच आहे, बाबा. तिन्ही कागदांवर तोच.”

त्यांनी चष्मा वर करून तिन्ही नंबर एकेक आकडा बोट ठेवून पडताळले. ग्राहकाच्या सूचनेप्रमाणे जुन्या प्रतींवर ‘रद्द’ असा शिक्का मारून त्या नष्ट करायच्या होत्या. मी मधल्या प्रतीवर शिक्का मारला. सर्वांत जुनी प्रत बाबांनी हातात घेतली, ती फाइलला लावू नकोस, घरी नेतो म्हणाले. मी ग्राहकाला फोन करून विचारले. प्रत कामासाठी वापरणार नसाल तर हरकत नाही, असे त्यांनी सांगितले, तेव्हा मी तिच्यावरही शिक्का मारला, तो वाळू दिला आणि कागद गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवला.